आवाज फाटतो तेव्हा काय जळते?

गणपती, नवरात्र, दिवाळी आणि पाठोपाठ येणारी लग्नसराई. हे दिवस सरले की स्पीकर दुरुस्त करणाऱ्यांकडे गिऱ्हाइकांची वर्दळ वाढते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचे लजपतराय मार्केट असो, बंगळुरूचा एस. पी. रोड असो की चेन्नईची रिची स्ट्रीट, तक्रार एकाच वळणाची असते : "काल संध्याकाळपर्यंत छान वाजत होता, रात्री अचानक मुका झाला." मालकाचा पहिला संशय दुकानदारावर जातो. माल डुप्लिकेट निघाला, असे तो म्हणतो. दुसरा प्रश्न मात्र विचार करायला लावणारा असतो : "स्पीकर शंभर वॅटचा आणि अॅम्प्लिफायर पन्नासचा. पन्नासाने शंभराला जाळलेच कसे?"

हा प्रश्न मुळीच बावळटपणाचा नाही. त्याचे उत्तर समजले, तर सोसायटीच्या वर्गणीतून घेतलेले स्पीकर, शाळेच्या स्नेहसंमेलनातला साउंड आणि आपल्या घरातली म्युझिक सिस्टीम, तिन्ही वाचू शकतात.

उंच माणूस आणि बुटके दार

अॅम्प्लिफायर स्वतः आवाज निर्माण करीत नाही. मोबाइल, रेडिओ किंवा माइककडून आलेल्या क्षीण विद्युत्-लहरीची तो हुबेहूब, पण कितीतरी मोठी नक्कल तयार करतो. त्यासाठी लागणारी ताकद त्याला घरच्या विजेतून मिळते. आतला वीजपुरवठा ठरावीक व्होल्टेजचा असतो. समजा, तो वरच्या बाजूला २८ व्होल्ट आणि खालच्या बाजूला तेवढाच आहे. मग काही केले तरी बाहेर जाणारी लहर २८ व्होल्टच्या वर उठू शकत नाही. ते तिचे छत.

आपण आवाजाचे बटण फिरवत जातो, तसतशी लहर उंच होत जाते. एका टप्प्यावर तिचा माथा छताला टेकतो. तरीही बटण फिरवत राहिले तर? जुन्या वाड्याच्या बुटक्या दारातून उंच माणूस निदान वाकून जातो. लहरीला वाकता येत नाही. तिचा गोलसर माथा सपाट कापला जातो. खालच्या बाजूलाही तेच होते. या कापाकापीलाच तंत्रज्ञ 'क्लिपिंग' म्हणतात. आपल्या कानाला ते कळते तेव्हा आपण साध्या मराठीत म्हणतो, आवाज फाटला.

पन्नासाचे शंभर

आता थोडे गणित करू. घाबरू नका, ते दहावीच्या पलीकडचे नाही.

आठ ओहमच्या स्पीकरवर २८ व्होल्ट उंचीची सुरेख गोल लहर दिली, तर तिची शक्ती सुमारे ४९ वॅट भरते. खोक्यावर छापलेले '५० वॅट' ते हेच. पण माथा कापत कापत लहर पुरती चौकोनी झाली, तर उंची तेवढीच राहूनही तिची शक्ती ९८ वॅट होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. गोल लहर क्षणभरच शिखरावर असते. चौकोनी लहर मात्र सगळा वेळ शिखरावर मुक्काम ठोकून बसते, हे त्याचे कारण. (प्रत्यक्षात इतका भार आला की वीजपुरवठा थोडा दमतो आणि आकडा काहीसा उतरतो, पण धोका उतरत नाही.)

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गाणे म्हणजे सतत एकाच उंचीची लहर नव्हे. तबल्याची थाप, ढोलाचा ठोका हे क्षणभराचे उंच कळस असतात. बाकीचा आवाज त्यांच्या कितीतरी खाली असतो. पन्नास वॅटचा अॅम्प्लिफायर न फाटता गाणे वाजवीत असेल, तेव्हा त्याची सरासरी शक्ती बहुधा पाच वॅट किंवा त्याहूनही कमी असते. स्पीकरला श्वास घ्यायला वेळ मिळतो. आवाज फाटू लागला की कळस जागीच अडतात आणि खालचा सारा आवाज मात्र वर सरकत राहतो. सरासरी पाचाची पंधरा, तीस, पन्नास वॅटवर जाते. स्पीकर जळतो तो या सरासरीने.

स्पीकर की शेगडी?

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली फिरत्या कॉइलच्या लाउडस्पीकरबद्दलचा आपला निबंध प्रसिद्ध केला. शंभर वर्षे लोटली तरी आपल्या घरातला स्पीकर बहुतांशी त्याच तत्त्वावर चालतो. एका चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्यात वीज आली की ते पुढे-मागे हलते आणि त्याला चिकटवलेला कागदी शंकू हवा ढकलतो. हवा हलली की आवाज झाला.

पण हे यंत्र फार उधळे आहे. सर्वसाधारण घरगुती स्पीकर मिळालेल्या विजेपैकी साधारण एक टक्काच भाग आवाजात बदलतो. उरलेल्या भागाची उष्णता होते, आणि ती होते त्या इवल्याशा वेटोळ्यात. शंभर वॅटचा विजेचा दिवा हाताला चटका देतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तशीच उष्णता बोटभर रुंदीच्या वेटोळ्यात कोंडली, तर काय होईल? तारेवरचे लाखेसारखे आवरण काळवंडते, डिंक वितळतो, वेटोळे फुगून फटीला घासू लागते आणि शेवटी तार तुटते. स्पीकर मुका होतो.

त्यातही एक फसवी गोष्ट आहे. तांबे तापले की विजेला जास्त विरोध करते. शंभर अंशांनी तापले, तर हा विरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. परिणामी तापलेला स्पीकर आपोआप थोडा हळू वाजू लागतो. कार्यक्रम रंगात आलेला असतो, कोणीतरी म्हणते, "आवाज कमी झाला, जरा वाढवा." आणि बटण आणखी पुढे जाते. आजारी माणसाला पळायला लावावे, तसा हा प्रकार.

पहिला बळी ट्वीटरचा

चांगल्या स्पीकरच्या खोक्यात किमान दोन भाग असतात. खर्जातले जाड आवाज काढणारा मोठा वूफर आणि झांजेची किणकिण, 'स'-'श'ची सळसळ उमटवणारा छोटा ट्वीटर. ट्वीटरची तार केसासारखी बारीक असते. खोक्यावर 'शंभर वॅट' लिहिलेले असले, तरी त्यातला ट्वीटर एकटा पुष्कळदा पाच-दहा वॅटच सोसू शकतो. गाण्यातल्या बहुतेक शक्तीचा वाटा खालच्या सुरांचा असतो, या हिशेबावर तो शंभराचा आकडा उभा असतो.

क्लिपिंग नेमका हा हिशेब मोडते. ढोलाचा ठोका छताला अडला, म्हणून तो वाढत नाही. झांजेचा आवाज मात्र छताच्या खूप खाली असतो, त्याला वाढायला भरपूर जागा असते. समजा, ट्वीटरला अर्धा वॅट मिळत होता. आपण बटण आणखी दहा डेसिबलने पुढे नेले, म्हणजे शक्तीची मागणी दहापट केली. वूफरकडचे कळस अडून राहिले, पण ट्वीटरकडे अर्ध्याचे जवळजवळ पाच वॅट झाले.

माथा सपाट कापल्यामुळे लहरीला धारदार कोपरे येतात आणि त्या कोपऱ्यांतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर जन्मतात, हेही खरे. तोच करकरीत, टोचणारा आवाज. 'हे सूरच ट्वीटर जाळतात', असे पूर्वी छातीठोकपणे सांगितले जाई. हिशेब मांडला तर १०० हर्ट्झच्या पुरत्या चौकोनी लहरीत ३,००० हर्ट्झच्या वर जाणारा भाग जेमतेम एक-दीड टक्का भरतो. म्हणजे या सुरांचा हातभार आहे, पण मोठा गुन्हेगार बटण पुढे रेटणारा हातच.

दोन गैरसमज

'क्लिपिंग झाले की स्पीकरमध्ये डीसी जातो', असे अनेक कारागीर सांगतात. लहरीचा माथा सपाट दिसतो, म्हणून हा समज रुळला असावा. पण वरचा आणि खालचा माथा सारखाच कापला गेला, तर सरासरी शून्यच राहते. तो डीसी नव्हे. खरा डीसी वेगळ्याच बिघाडात येतो. अॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की वीजपुरवठ्याचे व्होल्टेज थेट वूफरवर पडते. शंकू एका बाजूला खेचला जाऊन तिथेच अडकतो आणि काही सेकंदांत जळका वास येतो. ट्वीटर बहुधा वाचतो, कारण त्याच्या वाटेवरचा कपॅसिटर डीसीला अडवतो.

हा फरक खिशाशी निगडित आहे. फक्त ट्वीटर गेला असेल, तर संशय बटणावर घ्या. वूफर काळा पडला असेल, तर आधी अॅम्प्लिफायर तपासून घ्या. आजारी अॅम्प्लिफायरला नवा स्पीकर जोडला, तर तोही त्याच वाटेने जाईल आणि पैसे दुसऱ्यांदा पाण्यात पडतील.

दुसरा गैरसमज असा, की छोटा अॅम्प्लिफायर मोठ्यापेक्षा नेहमीच घातक. हे अर्धसत्य आहे. दहा वॅटचा अॅम्प्लिफायर कितीही फाटला तरी शंभर वॅटचा वूफर जाळणार नाही. त्याचा ट्वीटर मात्र जाळू शकतो. उलट मोठा अॅम्प्लिफायर न फाटताही स्पीकरला भाजून काढू शकतो. जाळते ती उष्णता. क्लिपिंग हा त्या उष्णतेकडे नकळत नेणारा आडरस्ता आहे.

छापलेले वॅट आणि खरे वॅट

नव्वदच्या दशकातले टू-इन-वन आठवतात? त्यांच्या अंगावर 'पीएमपीओ' या नावाने हजारांत वॅट छापलेले असत. या आकड्याला कोणतीही सर्वमान्य व्याख्या नाही. खरा आकडा 'आरएमएस', म्हणजे सतत देता येण्याजोग्या शक्तीचा. अमेरिकेत अशा फुगवलेल्या आकड्यांना वेसण घालण्यासाठी तिथल्या व्यापार आयोगाने १९७४ साली खास नियम केला आणि २०२४ साली तो अधिक कडक केला.

आपल्याकडे एक सोपी घरगुती कसोटी आहे. उपकरणाच्या पाठीवर तो विजेचे किती वॅट खातो, ते लिहिलेले असते. भिंतीतून चाळीस वॅट घेणारे यंत्र स्पीकरला सतत हजार वॅट देऊ शकत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

छत खाली का येते?

आपण बटणाला हात लावला नाही, तरीही आवाज फाटू शकतो. त्याची काही नेहमीची कारणे पाहा.

एक, विजेचा कमी दाब. संध्याकाळी गावात किंवा जनरेटरवर दाब २३० व्होल्टवरून १८० वर आला, तर जुन्या धाटणीच्या ट्रान्सफॉर्मरच्या अॅम्प्लिफायरचे छतही त्याच प्रमाणात खाली येते. पन्नास वॅटची कुवत सुमारे तीसवर येते. बटण तेच, गाणे तेच, पण आता ते फाटते.

दोन, बेसचे बटण. ते दहा डेसिबलने वाढवले, तर खालच्या सुरांसाठी दहापट शक्ती लागते. हळू आवाजात ते चालते. मोठ्या आवाजात बेस पूर्ण ठेवणे म्हणजे क्लिपिंगला आमंत्रणच.

तीन, एका अॅम्प्लिफायरवर स्पीकरांची गर्दी. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, चार जोडले की दोनच. जास्त करंट पुरवताना अॅम्प्लिफायर लवकर दमतो, तापतो आणि स्वतःही बळी पडू शकतो.

चार, मिक्सर किंवा माइक. वक्ता माइक ओठांना लावून ओरडला, तर आवाज मिक्सरमध्येच फाटतो. नंतर अॅम्प्लिफायर कितीही हळू ठेवा, फाटलेले फाटलेलेच राहते. माइकची लांबलचक शिट्टी तर आणखी वाईट. एकाच उंच सुराचा सतत मारा ट्वीटरला सोसवत नाही.

कधी कधी मात्र दोष यंत्राचा नसतो. गाणेच तसे असते. १९६४ साली 'किंक्स' या इंग्रज बँडच्या डेव्ह डेव्हिसने गिटारच्या स्पीकरचा शंकू ब्लेडने फाडून मुद्दाम खरखरीत आवाज मिळवला होता. 'मेटॅलिका'चा २००८ सालचा 'डेथ मॅग्नेटिक' हा संग्रह तर रेकॉर्डिंगमध्येच फाटला, म्हणून त्याच्या चाहत्यांनी तक्रार केली होती. ओळख सोपी आहे. आवाज अगदी हळू करा. तरीही खरखर तेवढीच राहिली, तर ती गाण्यातली किंवा मिक्सरमधली आहे. हळू केल्यावर गेली, तर ती तुमच्या अॅम्प्लिफायरची किंवा स्पीकरची.

लक्षात ठेवण्यासारखे

• आवाज टोचू लागला, 'स' आणि 'श' करकरू लागले, ढोल 'धुम'ऐवजी 'फट' वाजू लागला की लगेच बटण मागे घ्या. गाणे संपेपर्यंत थांबू नका.

• मोठ्या आवाजात बेस, ट्रेबल आणि लाउडनेस मध्यावर किंवा बंद ठेवा.

• अॅम्प्लिफायरवर क्लिपचा लाल दिवा असेल, तर तो अधूनमधून लुकलुकणे चालेल. सतत पेटून राहिला, तर धोका समजा.

• नवी खरेदी करताना अॅम्प्लिफायरची आरएमएस कुवत स्पीकरच्या सतत सोसण्याच्या कुवतीच्या दीडपट ते दुप्पट असावी, असे व्यावसायिक सांगतात. त्यामुळे कळसांना मोकळी जागा मिळते. मात्र बटण ज्याच्या हाती असेल, तो जबाबदार हवा.

• सुरू करताना आधी मिक्सर आणि प्लेअर, शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना आधी अॅम्प्लिफायर.

• अॅम्प्लिफायरवर टॉवेल, हार, मासिके ठेवू नका. त्याच्या जाळीतून हवा खेळली पाहिजे.

• फ्यूजवर विसंबू नका. मोठ्या फ्यूजला जाग येईपर्यंत ट्वीटरने प्राण सोडलेला असतो.

• दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. ती वाढ फक्त तीन डेसिबलची, कानाला जेमतेम जाणवणारी. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. मोठी जागा भरायची असेल, तर बटण पिळण्यापेक्षा पुरेशा कुवतीचे जादा संच वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

आजच्या अनेक छोट्या ब्लूटूथ स्पीकरांत ही राखण करणारी व्यवस्था आतच असते. छत जवळ आले की ती बेस आपोआप आवरते. म्हणून पूर्ण आवाजात त्यांचा ठोका मिळमिळीत वाटतो. तो दोष नव्हे, शहाणपण आहे.

जळलाच तर

अॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा सोडवा. मल्टिमीटर ओहमवर लावून मोजा. आठ ओहमचा वूफर सुमारे सहा-सात ओहम दाखवतो. काहीच दाखवले नाही, तर कॉइल तुटली. मग शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाब देऊन हलकेच आत ढकला. खरखर जाणवली, तर वेटोळे वाकडे होऊन घासते आहे. पेटी सुस्थितीत असेल, तर सगळा स्पीकर फेकायची गरज नसते. वूफरला नवी कॉइल आणि शंकू बसवून मिळतो आणि अनेक ट्वीटरांचा पडदा सुटा मिळतो. मात्र कारागिराला एवढे जरूर विचारा, "अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी डीसी मोजलात का?" चांगल्या अॅम्प्लिफायरमध्ये तो काही मिलिव्होल्टच असतो. व्होल्टमध्ये आकडा आला, तर स्पीकर जोडू देऊ नका.

शेवटी कानांविषयी. स्पीकरला नवी कॉइल बसवता येते, कानातल्या नाजूक पेशींना नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणे ही कामाच्या ठिकाणी साधारण मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला हिशेब पाव तासावर येतो. मंडपातल्या स्पीकरसमोर लहान मुले बसवताना हा आकडा आठवावा. फाटलेला आवाज ही यंत्राने दिलेली हाक आहे. ती ऐकून बटण मागे घेतले, तर स्पीकरही वाचतो आणि त्याच्यासमोर बसलेले घरचे लोकही.